गाडी नवी, मग सेल का लागेना?

आज बोलायचंय गाडीच्या बॅटरीबद्दल. आणि तेही जुन्या खटारा गाडीच्या नव्हे, शोरूममधून नुकत्याच घरी आणलेल्या, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या गाडीच्या बॅटरीबद्दल.

आपल्या श्रीरामपुरात एमएच १७ ची पाटी लावलेली चारचाकी चालवणाऱ्या बायका आता थोड्याथोडक्या नाहीत. कुणी मुलांना शाळेत सोडते, कुणी सासऱ्यांना तपासणीसाठी नगरला नेते, कुणी रोज टाकळीभानच्या किंवा बेलापूरच्या शाळेत शिकवायला जाते. गाडी नवी असली की मनाला भरवसा असतो, की निदान तीन-चार वर्षं तरी काही बघायला नको. आणि महिनाभरातच एका सकाळी किल्ली फिरवावी, तर इंजिन फिरायचं सोडून नुसतं टिकटिकटिक.

मग दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. शोरूममधून फोनवर, "ताई, रात्री तुमच्याकडून लाइट चालू राहिली असेल." आणि घरातून, "तरी म्हटलं होतं, नव्या गाडीला इतक्यात हात लावू नकोस." म्हणजे उतरते गाडीची बॅटरी, पण किल्ली जाते बाईच्या हातातून. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचा. बॅटरी उतरणं हा हिशेबाचा मामला आहे, आणि हिशेब आपल्याला येतो.

आधी बॅटरी करते काय ते पाहू. इंजिन आपणहून सुरू होत नाही, त्याला कुणीतरी पहिला फेरा द्यावा लागतो. जुन्या जीपला, अॅम्बॅसडरला समोरून लोखंडी हँडल घालून फिरवायची सोय होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते हँडल उलट फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला आणि हे ताकदीचं काम बॅटरीकडे आलं. आपण 'सेल मारला' म्हणतो तो हाच. दंडात बळ नसलं तरी गाडी चालू करता येते, ती बॅटरीच्या जिवावर.

आता ही बॅटरी म्हणजे घरावरची पाण्याची टाकी समजा. टाकीत किती पाणी मावतं ते आपण लिटरमध्ये सांगतो, बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासात सांगतात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. टाकी भरणारी मोटर म्हणजे गाडीतला अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक अजून डायनामो म्हणतात. तो इंजिन चालू असतानाच वीज भरतो. गाडी उभी असली की मोटर बंद. पण नळ मात्र पूर्ण बंद होत नाही. गाडी लॉक करून आपण घरात आलो तरी तिचं घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोटने उघडणारं लॉक, आतला संगणक, मोबाइलला जोडलेली यंत्रणा हे सगळं थेंब थेंब वीज पीत असतं.

किती? गाडी चांगली असेल तर ही गळती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी असं मानतात. ५० धरली, तरी दिवसाचे २४ तास म्हणजे १.२ अँपिअर-तास गेले. पंधरा दिवसांत १८. म्हणजे ३५ ची टाकी पंधरवड्यात अर्धी झाली, आणि महिन्याभरात तळ दिसला. गाडीत काही बिघाड नाही, कुणी लाइट विसरलेलं नाही, फक्त गाडी उभी होती.

इथेच नव्या गाडीची मेख आहे. आपल्यासाठी गाडी नवी असते, पण बॅटरीचं आयुष्य कारखान्यातच सुरू झालेलं असतं. गाडी चाकणला बनो की गुजरात-हरियाणात, ती तिथल्या आवारात उभी राहते, मग ट्रेलरवर चढते, मग डीलरच्या यार्डात उन्हात उभी राहते. जरा पुढे-मागे करायला रोज दोन मिनिटं चालू केली जाते, त्यात टाकी भरत नाही, उलट थोडी रिकामीच होते. त्यात आपल्याला मुहूर्त हवा असतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. बुकिंग झालेली गाडी मुहूर्तासाठी आणखी थांबते. मग पूजेच्या दिवशी चारही दारं उघडी, आतले दिवे लागलेले, गाणी चालू, फोटो चालू, इंजिन मात्र बंद.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. २५ मार्चला देश बंद झाला आणि घरोघरच्या गाड्या उभ्या राहिल्या. त्या एप्रिलमध्ये मारुती सुझुकीसारख्या कंपनीने देशात एकही गाडी विकली नाही. कारखान्यात बनून तयार झालेल्या गाड्याही जागच्या जागी राहिल्या. निर्बंध सुटल्यावर दारातल्या गाड्यांना सेल लागेना, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं, की गाडी वापरली नाही तरी बॅटरी खर्च होते.

आणि नुसती खर्च होत नाही, आजारीही पडते. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक अॅसिड असतं. वीज वापरली गेली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो निघून जातो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट रिकामी राहिली, तर तो थर कडक होत जातो. नळाच्या तोंडाशी क्षार धरतो ना, तसाच. मग टाकी दिसते तेवढीच, पण मावतं कमी. म्हणून "चार्ज करून दिली ताई, आता काही होणार नाही" हे उत्तर अर्धंच असतं. चार्ज तर झाली, पण टिकते किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही. ऊनसुद्धा बॅटरीचं वैरी आहे. एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात बॅटरी आतून लवकर झिजते, आणि डिसेंबरच्या थंड पहाटे ती झीज उघडी पडते, कारण थंडीत इंजिनाचं तेल दाट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी होतो.

आता त्या लाइटच्या आरोपाचा हिशेब करू. छतावरचा साधा दिवा ५ वॉटचा धरा. १२ व्होल्टवर तो अर्ध्या अँपिअरहून कमी वीज घेतो. रात्रीचे दहा तास राहिला तरी चार-साडेचार अँपिअर-तास गेले. ३५ मधून साडेचार गेले तर उरले तीस. एवढ्यावर गाडी चालू व्हायला हवी. पुढचे मोठे हेडलाइट वेगळे. साधे दोन बल्ब मिळून तासाला नऊ-दहा अँपिअर खातात, ते चार तासांत बॅटरी झोपवतात. म्हणून "आतला दिवा राहिला म्हणून बॅटरी गेली" असं कुणी म्हटलं, तर शांतपणे विचारायचं, "मग बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती का? डिलिव्हरीच्या दिवशी किती व्होल्ट होती?"

हा आकडा लक्षात ठेवायचा. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडी वर. १२.४ म्हणजे पाऊण टाकी, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, आणि त्याखाली संपलीच म्हणा. हे मोजायचं गाडी काही तास बंद राहिल्यावर. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.५ ते १४.५ दिसला, तर डायनामो काम करतोय. काही नव्या गाड्यांत तो थोडा कमी-जास्त होतो, पण १२.६ च्या खालीच राहिला तर बॅटरीचा नव्हे, भरणाऱ्या यंत्रणेचा दोष. मोजण्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तोच. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल टोक अधिकच्या खांबाला, काळं उणेच्या खांबाला. ताप मोजण्याइतकंच सोपं.

आता समजा, सकाळी गाडी चालू झाली नाही. घाबरायचं नाही. आधी पाहायचं, की खरंच बॅटरी आहे का. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल घेत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबलेला आणि गिअर पी किंवा एन वर हवा. बटणाची गाडी असेल तर किल्लीतला छोटा सेल संपलेला असू शकतो. तेव्हा बहुतेक गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून धरली की काम होतं. गाडीची मुख्य बॅटरी संपल्यामुळे दारच उघडत नसेल, तर रिमोटच्या आत एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते. ती कशी काढायची हे आजच पाहून ठेवा, अडल्यावर नको.

हे सगळं ठीक असेल तर लक्षणं बघा. डॅशबोर्डवर काहीच उजेड नाही, किंवा दिवे मिणमिणतात आणि टिकटिक होते, म्हणजे बॅटरी उतरली किंवा तिचा खांब ढिला झाला. नव्या गाडीतही खड्ड्यांनी टर्मिनल ढिलं होतं. दिवे झगझगीत आहेत आणि एकदाच टक्क वाजतं, तर दोष स्टार्टरकडे असू शकतो. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे, इंधनाकडे पाहा.

बॅटरीच उतरली असेल तर पहिला उपाय फोन. नव्या गाडीबरोबर बहुधा कंपनीची रस्त्यावरची मदत मिळते, विम्यातही ती अनेकदा घेतलेली असते. तो नंबर काचेवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. मोबाइलमध्ये जतन करा आणि एका कागदावर लिहून पर्समध्येही ठेवा. रात्री रस्त्यात अडकलात आणि जागा सुरक्षित वाटत नसेल, तर आधी ११२. गाडीची काळजी नंतर.

दुसरा उपाय दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करणं, जंप स्टार्ट. यात एक धोका खास आपल्या भागातला आहे. गळीत हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रक भरपूर असतात आणि ड्रायव्हरदादा मनाने चांगला असतो, "आणा वहिनी, लावून देतो" म्हणतो. पण मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते, आपली १२ ची. ती जोडली तर नव्या गाडीतला संगणक जळू शकतो. ट्रकला नम्रपणे नाही म्हणा. दुसरी कार घ्या. ट्रॅक्टरची बॅटरी बहुतेक वेळा १२ ची असते, तरी तिच्यावर लिहिलेलं वाचूनच पुढे जा. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटलेल्या नसाव्यात.

बॉनेट उघडण्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचा. बांगडी दोन खांबांमध्ये अडकली तर क्षणात लालबुंद होते. रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला लागतो आणि पदर ओढतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नाही, आणि पूजेच्या वेळी उघड्या बॉनेटपाशी उदबत्ती-कापूरही नको. बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा पाझरत असेल, तर अजिबात हात लावू नका. अॅसिड अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन थेट डॉक्टरकडे.

जोडण्याचा क्रम असा. लाल वायरचं एक टोक बंद गाडीच्या अधिक खांबाला, दुसरं चालू गाडीच्या अधिक खांबाला. मग काळ्या वायरचं एक टोक चालू गाडीच्या उणे खांबाला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, ती बॅटरीपासून दूर उडावी म्हणून हे. आता मदतीची गाडी चालू करा, चार-पाच मिनिटं थांबा, मग आपली. चालू झाली की वायरी उलट क्रमाने काढा. काही गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असते आणि जोडायची जागा वेगळी दिलेली असते, म्हणून पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. एकटीने लांब जाणाऱ्या मैत्रिणींनी पॉवरबँकसारखा दिसणारा छोटा जंप स्टार्टर घेतला, तर दुसऱ्या गाडीची वाटच पाहायला नको. तो महिन्याकाठी चार्ज करायला मात्र विसरू नका.

आणि धक्का? ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याचा उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं. गिअरच्या नव्या गाडीलाही शक्यतो नको. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतात, आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जाऊन ती बिघडते. इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या मैत्रिणींनाही सांगते, तुमच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज बहुधा एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. ती उतरली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

गाडी चालू झाली म्हणजे काम संपलं नाही. लगेच बंद करू नका. एसी, गाणी बंद ठेवून मोकळ्या रस्त्याने चांगलं फिरवा, बाभळेश्वरपर्यंत जाऊन परत या म्हणा ना. त्यानेही पूर्ण रिकामी बॅटरी काठापर्यंत भरत नाही. बॅटरीच्या दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला सावकाश चार्ज करून घ्यायला लागते.

यानंतरचं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे कागद. गाडीची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा वेगवेगळी असते. बॅटरीची तिच्या कंपनीची असते, मुदतही वेगळी. त्यात बहुधा असंही लिहिलेलं असतं, की बॅटरी नुसती डिस्चार्ज होणं हा दोष मानला जाणार नाही. म्हणून फक्त चार्ज करून परत आणली तर आपल्या हाती काहीच राहत नाही. प्रत्येक वेळी जॉबकार्ड करून घ्या, त्यावर "बॅटरी उतरली" असं तारखेसह लिहवून घ्या. लोड टेस्ट करायला सांगा आणि तिचा छापील निकाल मागा. गाडी बंद असताना गळती किती आहे, हेही मोजून लिहायला सांगा. गळती जास्त निघाली तर नवी बॅटरी घालूनही तीही उतरणारच, आधी चोर शोधायला हवा. पुष्कळदा तो चोर बाहेरून बसवलेला डॅशकॅमेरा, म्युझिक सिस्टिम किंवा रंगीत लाइट असतो. आणि बाहेरच्या माणसाने मूळ वायर कापलेली असेल, तर वॉरंटीवरही पाणी पडू शकतं. म्हणून असली हौस वायर न कापता, अधिकृत ठिकाणीच भागवा.

एवढं करूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडी पुण्याहून घेतली असली तरी अहिल्यानगरलाच. वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तिथे चालतात ती जॉबकार्डं आणि आकडे.

ज्यांच्या घरी अजून गाडी यायची आहे, त्यांनी डिलिव्हरीच्या दिवशी हाराफुलांच्या आधी तीन गोष्टी मागायच्या. गाडी आणि बॅटरी या दोन्हींच्या उत्पादनाचा महिना. आपल्यासमोर मोजलेले व्होल्ट, १२.४ च्या वर. आणि बॅटरीचं वॉरंटी कार्ड, त्यावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी जुळवून. त्यात काही भांडण नाही. साडी घेताना घडी उलगडून बघतोच की आपण.

आणि ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा-पाऊण तास सलग चालवायची. रोज फक्त शाळा आणि बाजार एवढ्या छोट्या फेऱ्यांनी टाकी भरत नाही. महिनाभर गावाला जाणार असाल, तर उणेचं टर्मिनल काढून ठेवायचं का हे सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या, घड्याळ आणि काचा पुन्हा सेट कराव्या लागतील इतकंच. बिनकिल्लीची गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब, घरात आतल्या बाजूला ठेवा. जवळ राहिली तर गाडी पुन्हा पुन्हा जागी होते आणि वीज जाते.

या रविवारी दहा मिनिटं काढा. रिमोटमधली किल्ली काढून बघा, मदतीचा नंबर लिहून घ्या, बॅटरीचे व्होल्ट मोजून वहीत तारीख घालून टिपून ठेवा. किराण्याचा, दुधाचा हिशेब असतो त्याच वहीत चालेल. पुढे कुणी "ताई, तुमचीच चूक असेल" म्हणालं, तर वाद घालू नका, वही उघडा. गाडी जपून चालवा मैत्रिणींनो. नमस्कार.